आत्या, घरघंटी आणि अलाइनमेंट

बदलापूरच्या आत्याला उल्हासनगरहून घरघंटी आणायची होती. माझी गाडी लहान आणि मी प्रशस्त. एकटा बसलो तरी ती उजवीकडे कलते. त्यात आदल्याच दिवशी अलाइनमेंट करून घेतलेली. स्क्रीनवर सगळे आकडे हिरवेगार. अर्थात त्या वेळी गाडीत कुणीच नव्हतं, मुख्य म्हणजे मी नव्हतो.

उल्हासनगर हे 1949 सालचं, सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं. पत्ते अजून कॅम्पच्या नंबरावर चालतात. तिथं सगळं स्वस्त मिळतं, ही आत्याची श्रद्धा. मागची अर्धी सीट पाडून पोऱ्यांनी घरघंटी डावीकडे कोंबली. उरलेल्या फटींत आत्यानं ‘आलोच आहोत तर’ म्हणून गव्हाचं पोतं, तेलाचे डबे आणि एक कुंडी बसवली. गाडीचं बूड खाली गेलं, नाक डुंबणाऱ्या म्हशीसारखं वर आलं.

मग कल्याण-बदलापूर रस्ता. स्टिअरिंग संशय यावा इतकं हलकं. वजन मागे गेलं की पुढच्या चाकांची पकड सुटत जाते. नाक उचललं की टो, कॅम्बर, कॅस्टर, मशीननं अंशाअंशानं जुळवलेले सगळे कोन थोडेथोडे हलतात. त्यात ओझं डाव्या अंगाला, म्हणून गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेक दाबला की आधी विचार करायची. अंधार पडलेला, माझे हेडलाइट थेट समोरच्यांच्या डोळ्यांत. प्रत्येक रिक्षावाला माझ्या खानदानाची चौकशी करून जायचा. हेडलाइट खाली करायचं बारीक चाक शून्यावरून तीनवर नेलं, तेव्हा शिव्या निम्म्यावर आल्या.

अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लांबूनच नमस्कार केला, तोही एका हातानं. पुढे हवा भरायला थांबलो. भरल्या गाडीला मागच्या टायरांत हवा जास्त लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. हवावाला पोरगा वाकून बघत म्हणाला, “काका, आजी नाहीतर पोतं, एक काहीतरी रिक्षानं पाठवा.”

मी आत्यावर वैतागलो. “कोपऱ्यावर गिरणी आहे की! एवढा उपद्व्याप कशाला?”

“गिरणीत डबा हे न्यायचे,” ती म्हणाली आणि पोत्याची सुटलेली सुतळी बांधत बसली.

पुढचे सगळे खड्डे मी मुकाट्यानं चुकवले.

बदलापूरला लिफ्टमध्ये घरघंटी गेली, पोतं गेलं, डबे, कुंडी आणि आत्याही गेली. दार ओढता ओढता तिनं आतली वजनाची पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

“तू आपला जिन्यानं ये.”