पिन काढताना नाव लिहा

संगणकावरच्या इमारतीला कुलूप लावायला दोन अक्षरं पुरतात. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये पी आणि एन दाबलं की निवडलेला ग्रिड, लेव्हल किंवा भिंत पिन होते. यू आणि पी दाबलं की मोकळी. तू कोण, का उघडतोस, ज्याने लावलं त्याला विचारलंस का, यातलं काहीही सॉफ्टवेअर विचारत नाही. उघडण्याचं कारण लिहायला एका ओळीची जागाही समोर येत नाही. माझं भांडण त्या न लिहिलेल्या ओळीसाठी आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावात घराचं लाइनआउट होतं तेव्हा काय होतं ते बघा. खड्डे खणण्याआधी प्लॉटच्या कडेला, खोदकामाच्या बाहेर, विटांच्या बुर्ज्या बांधतात. त्यांच्या माथ्यावर सिमेंट फिरवून कॉलमच्या मध्यरेषेची खूण करतात. मग फक्कीने मारलेल्या रेघा खोदकामात पुसल्या गेल्या तरी हरकत नसते. बुर्जीपासून बुर्जीपर्यंत दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, फुटिंगचा मध्य सापडतो. त्यामुळे साइटवर पोरंसोरं आली की मिस्त्री आधी ओरडतो, ‘बुर्जीले हात नोको लावू!’ ट्रॅक्टर मागे घेताना एखादी बुर्जी हललीच, तर काम थांबतं. मिस्त्री, ठेकेदार आणि घरमालक तिघं मिळून पुन्हा मापं घेतात. कुणी हलवली हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हललेली असते.

बीआयएम म्हणजे इमारतीचं माहितीसकट संगणकावरचं मॉडेल. त्यातला ग्रिड म्हणजे हीच बुर्जी. फरक एवढाच की ती हलली तर कुणाला दिसत नाही.

यात खरं भय कशाचं आहे ते नीट सांगायला हवं, कारण बीआयएमची जाहिरात करणारे त्याच गोष्टीला गुण म्हणतात. हाताने काढलेल्या किंवा ऑटोकॅडच्या नकाशात चूक झाली तर कागद एकमेकांशी भांडतात. प्लॅनमध्ये कॉलम इथे, सेक्शनमध्ये दोन इंच तिकडे. साइटवरचा अनुभवी सुपरवायझर दोन कागद शेजारी ठेवतो आणि काम थांबवतो. ते भांडण म्हणजे आपली शेवटची चाळणी होती. मॉडेलमध्ये प्लॅन, सेक्शन, तक्ता, सगळं एकाच ठिकाणून निघतं. रेव्हिटमध्ये स्ट्रक्चरल कॉलमला ‘ग्रिडबरोबर सरक’ असा एक पर्याय असतो. तो चालू असेल आणि कुणी पिन काढून ग्रिड दीडशे मिलिमीटर सरकवला, तर त्या रेषेवरचे कॉलम मुकाट सरकतात. मापं नवी होतात, तक्ते नवे होतात, प्रत्येक शीट दुसऱ्या शीटशी तंतोतंत जुळतं. सगळे कागद एकमताने चुकीचे. आता कोणता सुपरवायझर पकडणार?

इतकं सांगूनही कुणी म्हणेल, बटण चुकून दाबलं गेलं, अन्‌डू करू. तर मग १७ जुलै १९८१ची रात्र आठवा. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दोन झुलते पूल एकावर एक टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच लांब लोखंडी सळई छतापासून दोन्ही पुलांतून खाली जात होती. बनवायला सोपं जावं म्हणून तिच्या जागी दोन तोकड्या सळया आल्या, म्हणजे खालचा पूल वरच्याच्या बीमला लटकला आणि वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल मंजूर झाला. त्याचं गणित कुणी नव्याने मांडलं नाही. त्या रात्री ११४ माणसं मेली. कुणी काय मंजूर केलं यावर पुढे वाद झाला, इंजिनिअरांचे परवाने गेले. संगणक त्यात कुठेच नव्हता. होता तो एक ठरलेला तपशील, जो उघडला गेला, बदलला गेला, आणि पुढे कागदांवरून बिनबोभाट साइटवर गेला. तेव्हा कागद फिरायला आठवडे लागत होते. आज दोन अक्षरं लागतात.

आता दुसरं कुलूप. ते कुणी मुद्दाम लावत नाही, ते आपोआप लागतं.

मोठ्या कामात मध्यवर्ती मॉडेल एक असतं आणि प्रत्येकाच्या संगणकावर त्याची प्रत. एखादी भिंत तुम्ही बदलायला घेतली की ती तुमच्या नावावर उसनी जाते. तुम्ही सिंक करून ताबा सोडेपर्यंत दुसऱ्याला ती हलवता येत नाही. समोर तसा संदेश येतो, नावासकट. आर्चिकॅडमध्ये हेच राखून ठेवणं आणि सोडणं या नावाने चालतं. पद्धत चांगली आहे. बिघडते ती दिवाळीत. पुण्यात काम करणारा आपल्याकडचा मुलगा संध्याकाळी सहाला यवतमाळची ट्रॅव्हल्स पकडायला धावतो, संगणक बंद करतो, ताबा सोडायचा राहतो. इकडे तो घरी उतरून फराळाला बसलेला असतो आणि तिकडे जिन्याभोवतीच्या भिंती त्याच्या नावावर अडकलेल्या. त्याला फोन करायचा सोडून ऑफिसात काय करतात? त्याच्याच नावाने रेव्हिट उघडतात आणि त्याच्या वतीने भिंती सोडवतात. त्याने सिंक न केलेलं काम त्यात वाया जाऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे त्याने कधीही न केलेला बदल नोंदीत त्याच्या नावावर चढतो. दुसऱ्याच्या नावाने सही करण्याला आपण जे म्हणतो, तेच याला म्हणा.

यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून, जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल शिकून निघालेली मुलं-मुली पुण्या-नागपूरच्या ऑफिसांत अशाच मॉडेलांवर बसतात. पदाचं नाव ‘बीआयएम मॉडेलर’. पगार सर्वांत कमी, रात्र सर्वांत लांब. उद्या सकाळी ड्रॉइंग जायचं आहे, पार्किंगला दोन गाड्या बसत नाहीत, वरून आवाज येतो, ‘काहीतरी कर.’ ते काहीतरी म्हणजे यू आणि पी. चूक निघाली की मग बोट त्या मॉडेलरकडे. पिन लावणारा वरिष्ठ त्या वेळी घरी झोपलेला असतो, आणि ग्रिड पिन का केला हे त्याने कुठेच लिहून ठेवलेलं नसतं. हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याने कुलूप लावून कारण लिहिलं नाही, त्याचा वाटा या चुकीत मोठा आहे.

आणि सरसकट कुलूप लावणंही निष्काळजीपणाच. काही ऑफिसांत सगळंच पिन करतात: ग्रिड, लेव्हल, भिंती, दरवाजे, बेसिनसुद्धा. मग दर पाच मिनिटांनी पिन काढावी लागते आणि बोटांना सवय जडते. खरी जपायची पिन आणि फालतू पिन यांत बोटं भेद करत नाहीत. मापांवरच्या कुलपांचं तसंच. माप देऊन त्याच्या कुलपावर क्लिक केलं की अंतर कायमचं बांधलं जातं. अशी कुलपं साठत जातात, आणि एक दिवस सॉफ्टवेअर सांगतं की बंधनं पाळता येत नाहीत. त्याच खिडकीत ती काढून टाकण्याचं बटण असतं. थकलेला माणूस ते दाबतो. जिन्याची रुंदी कुणीतरी विचार करून बांधलेली होती की चुकून क्लिक झालं होतं, हे त्या क्षणी कळत नाही. उघडलेल्या व्ह्यूमधली सगळी बंधनं एकदम दाखवणारी सोय रेव्हिटमध्ये आहे. आठवड्यातून एकदा ती उघडून बघणारी ऑफिसं वाढायला हवीत. पडदा-भिंतीच्या, म्हणजे कर्टन वॉलच्या, काचा आणि पट्ट्या तर सॉफ्टवेअर स्वतःच पिन करून देतं. नवशिक्या टॅब दाबत दाबत त्या निवडायला शिकतो, पिन काढायला शिकतो, आणि पिन म्हणजे वाटेतला अडथळा हा पहिला धडाही तिथेच शिकतो. हा धडा नंतर पुसायला फार वेळ लागतो.

‘सॉफ्टवेअरमध्ये सोयच नाही’ असं कुणी म्हणेल तर ते अर्धंच खरं आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांची मॉडेलं वाचावीत म्हणून आयएफसी नावाची खुली मांडणी आहे, आयएसओ १६७३९ या क्रमांकाची. तिच्यात प्रत्येक घटकामागे मालकी-इतिहास ठेवायची जागा केलेली आहे: मालक कोण, शेवटचा हात कुणाचा, कधी, कोणता बदल, आणि घटक कुलूपबंद आहे की नाही. ज्यांनी हे मांडलं त्यांना कुलपाचं महत्त्व कळलं होतं. पण जुन्या आयएफसी २x३मध्ये सक्तीचा असलेला हा इतिहास आयएफसी ४मध्ये ऐच्छिक झाला. ऐच्छिक म्हणजे कोण भरणार? आणि त्या सगळ्या रकान्यांतही ‘का’ विचारणारा रकाना नव्हताच.

तरी रेव्हिटमध्ये एक जागा सापडते. स्ट्रक्चरल इंजिनिअर आर्किटेक्टच्या मॉडेलमधला ग्रिड नक्कल करून त्यावर नजर ठेवू शकतो. मूळ ग्रिड हलला की त्याला इशारा येतो आणि स्वीकार, नकार किंवा नंतर बघू असं उत्तर देता येतं. शेजारी शेरा लिहायची सोयही असते. तो शेरा लिहिलेला किती ठिकाणी सापडेल? स्वीकार म्हणायचं आणि पुढे जायचं, असंच चालतं. जागा आहे तिथेही लिहायचा कंटाळा, याचा दोष सॉफ्टवेअर कंपनीवर टाकता येणार नाही.

हे सगळं मुंबईच्या टॉवरांचं दुखणं, आपल्याला काय, असं कुणी समजू नये. महामेट्रोने नागपूर मेट्रो बांधताना पाच मितींचं बीआयएम वापरलं, म्हणजे लांबी, रुंदी, उंचीला वेळ आणि खर्च जोडलेले. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल बघा. जमिनीवर जुना रस्ता, त्याच्यावर महामार्गाचा उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि वरचे दोन्ही मजले एकाच रांगेतल्या खांबांवर. छत्रपती नगर, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर ही स्टेशनं त्याच रांगेवर उभी आहेत. इथे एका खांबाचा मध्य रस्तेवाल्यांचाही आहे आणि रेल्वेवाल्यांचाही. तो अर्ध्या फुटाने सरकवण्याचा अधिकार कुणा एकाचा असूच शकत नाही.

आणि पातळीचं मोल बाभुळगाव तालुक्याला वेगळं शिकवायला नको. खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झालं. धरण किती उंचीपर्यंत भरणार हा नकाशावरचा एक आकडा असतो. त्या आकड्याची रेघ जिथून गेली तिथे कुणाचं शेत वाचलं, कुणाचं घर उठलं. अशा आकड्याला कुणी रात्री एकट्याने हात लावावा हे आपण खपवून घेतलं असतं का? मग दवाखान्याच्या, शाळेच्या, बसस्थानकाच्या मॉडेलमधली शून्य पातळी तितक्याच धाकाने जपली गेली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत तर पाया आणि प्लिंथ यांचं गणित आधीच नाजूक. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पातळी कागदावर बदलली आणि पाया जुन्या हिशेबाने बसला, तर तडा पहिल्या दोन पावसाळ्यांत दिसू लागतो.

करायचं काय, ते साधं आहे, आणि त्याला नवं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. प्रत्येक मॉडेलच्या पहिल्या शीटवर एक तक्ता असावा. ग्रिड, लेव्हल, जोडलेली मॉडेलं, लिफ्टचा खड्डा, जिना, एवढ्याच गोष्टी पिन. प्रत्येकीपुढे पिन कुणी केली, कोणत्या कारणाने, आणि ती कुणाच्या परवानगीने निघेल. पिन काढली की त्याच तक्त्यात तारीख आणि नाव. बाकी भिंती-दरवाजे मोकळे ठेवा, म्हणजे पिन दिसली की हात थबकेल. उसनवारीचं म्हणाल तर संध्याकाळी सिंक आणि ताबा सोडल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने मॉडेल उघडायचं नाही, मालकानेसुद्धा. ज्यांना रेव्हिटचं भाडं परवडत नाही त्यांनी मोफत मिळणारं बॉन्साय बघावं. ग्रिड आणि मजले बंद ठेवायची सोय तिथेही आहे. तक्ता मात्र तिथेही माणसालाच लिहावा लागेल.

महाविद्यालयांना एक मागणं आहे. मुलांना भिंत ओढायला, खिडकी बसवायला, झगमगीत चित्र काढायला शिकवता, ते शिकवाच. त्याबरोबर एक सबमिशन असं द्या की चौघांनी एका मध्यवर्ती मॉडेलवर काम करायचं, मधेच एक ग्रिड हलवायचा, आणि कुणी, का, कुणाला विचारून हलवला याची लेखी नोंद द्यायची. चित्राइतकेच गुण त्या नोंदीला द्या. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याचा उपयोग होईल.

आणि बाभुळगावच्या, कळंबच्या, यवतमाळच्या ज्या मुला-मुलींची बोटं आज रात्री यू आणि पीवर जातील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी पिन लावणाऱ्याला फोन करा. त्याने तोंडी ‘हो’ म्हटलं तर तेही तारखेसकट लिहून ठेवा. आणि वरिष्ठांनो, रात्रीचे अकरा वाजले असले तरी तो फोन उचला.