गादी साताऱ्याला, कट्टा पुण्याला

पुण्यात राजभवन आहे. पुण्यात विधान भवन आहे. मुंबई इलाख्याचे गोरे गव्हर्नर पावसाळा लागला की बिऱ्हाड गुंडाळून गणेशखिंडीत येऊन राहत, इतका हा गाव राज्यकारभाराला मानवणारा. त्यांच्या वाड्यात पुढे विद्यापीठ आलं. एवढी सगळी मांडामांड तयार असूनही या शहराने महाराष्ट्राला एकही मुख्यमंत्री दिलेला नाही. 1960 ते 2024 या काळात वीस माणसं त्या खुर्चीत बसली. पुसदने दोन दिले. लातूर जिल्ह्याने दोन दिले. नांदेडने तर बापलेक दिले. पुणे शहराने त्या विसांनाही व्याख्यानाला बोलावलं आणि आभारप्रदर्शनात त्यांच्या चुका दुरुस्त केल्या.

हा विषय आमच्या कट्ट्यावर निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘आम्हाला कुठे व्हायचंय?’ दुसरं उत्तर इतिहासातून येतं. गादी साताऱ्याला असायची, कारभार पुण्यातून चालायचा. छत्रपती तिकडे, पेशवे इकडे. ‘आपल्याला खुर्ची लागत नाही हो, आपल्याला कारभार लागतो.’ मुद्दा बिनतोड वाटतो, पण पुढचा हिशोब कोणी करत नाही. तो आम्ही केला. यशवंतराव चव्हाण कराडचे. बाबासाहेब भोसले मूळचे सातारा जिल्ह्यातले. पृथ्वीराज चव्हाण पुन्हा कराडचे. एकनाथ शिंदे राजकारणाने ठाण्याचे, पण गाव महाबळेश्वर तालुक्यातलं दरे. महाराष्ट्र जन्मायच्या आधीचं पाहायचं, तर 1937 च्या एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले ते सर धनजीशा कूपर. (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत, हौसेला मोल नव्हतं.) काँग्रेस मंत्रिमंडळ बनवायला तयार नव्हती म्हणून त्यांना बसवलं, ती तयार झाल्यावर जुलैत उठवलं आणि बाळासाहेब खेर आले. हे औटघटकेचे कूपरसाहेब कुठले? साताऱ्याचे. म्हणजे अठराव्या शतकातली वाटणी साताऱ्याने इमानाने पाळली आहे. गादी अजून तिकडेच जाते. इकडचा कारभार तेवढा कुठे गेला, ते कळत नाही.

आमचे एक सभासद, निवृत्त प्राध्यापक, यावर सांगतात की सध्याचे मुख्यमंत्री राहतात नागपूरला, पण आडनाव फडणवीस आहे, तेव्हा निम्मा वाटा पुण्याचा धरायला हरकत नाही. नाना फडणवीस हयात असते तर त्यांनी यावर नुसतं ‘हूं’ केलं असतं.

संधी आली नव्हती असं नाही. 1956 च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती पुण्यातच. तिचे सरचिटणीस एस. एम. जोशी पुण्याचे. 1957 च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. पुण्याने लोकसभेला नानासाहेब गोऱ्यांना निवडून दिलं आणि काकासाहेब गाडगिळांसारख्या नेहरूंच्या मंत्रिमंडळात बसून आलेल्या माणसाला घरी पाठवलं. त्याच निवडणुकीत यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले. मग 1 मे 1960 ला राज्य आलं. मोर्चे ज्यांनी काढले, तुरुंग ज्यांनी पाहिले ते विरोधी बाकांवर, आणि मंगल कलश जेमतेम निवडून आलेल्या कराडकरांच्या हाती. एस. एम. यांना याचं वाईट वाटल्याचं कोणाला दिसलं नाही. अशा माणसाला खुर्चीत बसवणं तसंही अवघड. तो उठून दुसऱ्याला जागा देतो.

पुण्याने नंतर एक सोपा मार्ग काढला. इथला बरा माणूस दिसला की त्याला दिल्लीला पाठवायचं. एस. एम. 1967 मध्ये गेले. त्यांच्यानंतर मोहन धारिया; त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्याशी बोला असा सल्ला सरकारला दिला आणि 1975 मध्ये मंत्रिपद घालवून बसले. सल्ला बरोबर, वेळ चुकीची, परिणाम स्वतःच्या अंगावर, हे अगदी पुणेरीच झालं. मग विठ्ठलराव गाडगीळ तीनदा गेले. सुरेश कलमाडींनी शहराला मॅरेथॉनमध्ये पळवलं आणि स्वतः दिल्लीची वाट धरली. गिरीश बापट कसब्यातून लागोपाठ पाच वेळा आमदार झाले, मंत्री झाले, आणि आता पुढे काही घडेल म्हणेपर्यंत 2019 मध्ये तेही खासदार. त्याच वर्षी कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णी यांचं तिकीट कापून कोल्हापूरच्या चंद्रकांत पाटलांना उभं केलं. कोथरूडने चार दिवस तीव्र नापसंती नोंदवली आणि पाचव्या दिवशी मत दिलं. मेधाताई पुढे राज्यसभेवर, म्हणजे पुन्हा दिल्लीलाच. इथल्यांना बाहेर पाठवायचं आणि बाहेरच्यांना इथे आणायचं, ही आमची आयात-निर्यात चोख आहे.

‘पण पवारसाहेब आहेत ना!’ असं कोणीतरी म्हणतंच. आहेत. चार वेळा मुख्यमंत्री झालेले शरद पवार पुणे जिल्ह्यातलेच. आता पुणे जिल्हा आणि पुणे यांत काय फरक आहे, हे ज्याला सांगावं लागतं तो पेठेत राहिलेला नाही. तरीही पवारांवर पुण्याचा हक्क जितका आहे तितका बारामतीचाही नसेल, असं आमचं मत आहे. त्यांच्या मातोश्री शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य. 12 डिसेंबर 1940 ला मुलगा झाला, आणि तीन दिवसांच्या त्या बाळाला घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला पुण्यात आल्या, ही हकिकत पवारांनीच सांगितलेली आहे. म्हणजे वयाच्या तिसऱ्या दिवशी हा माणूस पुण्यात राजकीय बैठकीला हजर होता. बैठकीत काय ठरलं हे त्यांनी तेव्हाही कोणाला सांगितलं नाही. तीच सवय पुढे टिकली.

पुढे कॉलेज बीएमसीसी. युवक काँग्रेसचे उद्योग पुण्यातच. घरात शेतकरी कामगार पक्ष. थोरले बंधू वसंतराव बारामतीच्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाकडून उभे राहिले, तेव्हा धाकटे शरदराव समोरच्या काँग्रेसचा प्रचार करत होते. घरच्या घरी विरोधी पक्ष चालवायचा हा धडाही त्यांनी पुण्याच्या मुक्कामातच गिरवला. एवढं सगळं इथे शिकून 1967 साली मतं मागायला मात्र ते बारामतीला गेले. शहाणपण म्हणतात ते हेच. पुण्यात उभे राहिले असते तर मतदाराने आधी बीएमसीसीची गुणपत्रिका मागितली असती.

1978 च्या जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून ते मुख्यमंत्री झाले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. वसंतदादांच्या पाठीत खुपसला म्हणतात त्या खंजिराची चर्चा महाराष्ट्रात गेली जवळजवळ पन्नास वर्षं चालू आहे. इतकी चर्चा चाललेलं दुसरं शस्त्र म्हणजे भवानी तलवारच, आणि तीही सापडलेली नाही. 1980 च्या फेब्रुवारीत इंदिराबाईंनी ते सरकार बरखास्त केलं. 1986 मध्ये राजीव गांधींच्या उपस्थितीत पवार काँग्रेसमध्ये परतले, 1988 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. 1999 च्या जूनमध्ये काँग्रेसविरुद्ध नवा पक्ष काढला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर सरकार बनवलं. पाच महिन्यांत पुण्यात दुकानाच्या पाटीचा मजकूरही ठरत नाही.

मग 18 ऑक्टोबर 2019 ची ती सभा. वय जवळपास एकोणऐंशी, वर धो धो पाऊस, आणि पवार भिजत बोलत आहेत. निवडणुकीचा रंग त्या एका छायाचित्राने पालटला, असं म्हणतात. सभा कुठे होती? साताऱ्याला! इथेही सातारा सोडला नाही. आम्हाला तर वाटतं त्यांनी पुरता विचार करून गाव निवडलं असावं. एस. पी. कॉलेजच्या मैदानावर हाच पाऊस झाला असता तर निम्मे श्रोते छत्री आणायला घरी गेले असते, उरलेल्या निम्म्यांनी पुढच्याला छत्री खाली घ्यायला सांगितलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रव्यवहारात हवामान खात्याचं कार्यालय शिवाजीनगरात असताना वक्त्याने चौकशी का केली नाही, असा सवाल आला असता.

आता निवृत्तीचं. 2 मे 2023 ला आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनात पवारांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. कार्यकर्ते रडले. 5 मे ला राजीनामा मागे घेतला. कार्यकर्ते पुन्हा रडले. जुलैत पक्ष फुटला, पुढल्या फेब्रुवारीत नाव आणि घड्याळ हातचं गेलं, तुतारी आली. तीच तुतारी घेऊन 2024 ला लोकसभेच्या दहा जागा लढवून आठ जिंकल्या आणि विधानसभेला दहावर आले. या सगळ्यात निवृत्तीचे काय ते तीन दिवस.

आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त अभियंता नुकतेच मुलाकडे टोरांटोला राहून आले. त्यांनी सांगितलेलं कोणाला खरं वाटेना. ते म्हणाले, ‘अहो, तिथे ऑन्टॅरिओ म्हणून प्रांत आहे. 2 जून 2022 ला प्रांताची निवडणूक झाली. विरोधी पक्षनेत्या होत्या अँड्रिया हॉर्वाथ, तेरा वर्षं पक्ष चालवत होत्या. लिबरलांचे नेते स्टीव्हन डेल ड्युका. सत्तेतले डग फोर्ड जिंकले आणि या दोघांनीही त्याच रात्री नेतेपद सोडलं.’

‘त्याच रात्री? मागे कधी घेतलं?’

‘घेतलं नाही.’

‘कार्यकर्त्यांनी घेराव घातला नाही? रक्ताने पत्र? पेट्रोलचा कॅन?’

‘काही नाही. लोक घरी गेले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता.’

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. ‘मतदान यंत्रांवर तरी बोलले असतील?’

‘नाही हो.’

‘मग हे राजकारण करतात तरी कशाला?’

अभियंत्यांचं सांगून संपलं नव्हतं. ‘ऐका तर. त्याच ऑक्टोबरमध्ये हॉर्वाथबाई हॅमिल्टन गावच्या महापौर म्हणून निवडून आल्या आणि डेल ड्युका वॉन गावचे महापौर झाले.’

यावर बराच वाद झाला. प्रांताच्या नेत्याने महापौर व्हावं ही बढती की पदावनती? आमच्याकडे मुरलीधर मोहोळ आधी महापौर झाले, मग खासदार, मग केंद्रात राज्यमंत्री. जिना वरच जातो. (आणि दिल्लीलाच जातो, हे प्राध्यापकांनी लक्षात आणून दिलं.) कॅनडात जिन्याने खाली येतात आणि खालीही लोक उभे असतात, याचं सगळ्यांना नवल वाटलं. शेवटी असं ठरलं की हा प्रयोग पुण्यात करून पाहायला हरकत नाही. राज्याच्या एखाद्या पडेल नेत्याला मानाने बोलवावं, खड्डे, कचरा, टेकड्या आणि पाण्याचं वेळापत्रक त्याच्या स्वाधीन करावं.

‘पण 2022 मध्ये आपल्याकडे हे कसं जमलं असतं?’ अभियंत्यांनी विचारलं. ‘मार्चमध्येच पालिकेची मुदत संपली होती. प्रशासक बसला होता आणि निवडणूक कोर्टात.’

‘म्हणजे तुमच्या त्या हॉर्वाथबाई,’ प्राध्यापक म्हणाले, ‘पुण्यात असत्या तर हरून जायला जागाच नव्हती.’