बदलीबहाद्दर नाना

नानांनी मिच मार्नरला पहिल्यांदा विकला तो 2019 च्या एप्रिलमध्ये. टोरोंटोचा मेपल लीफ्स संघ बाद फेरीत बॉस्टनकडून सातवा, निर्णायक सामना हरला. टीव्हीवर दोन्ही संघांचं हस्तांदोलन उरकायच्या आत इकडे मिसिसॉगातल्या तळघरात नानांनी सौदा पुरा केला होता. मार्नर द्यायचा आणि एक दणकट बचावपटू, एक बरा गोलकीपर आणि ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा हक्क घ्यायचा. समोरचा संघ कोणता आणि तो एवढं सगळं का म्हणून देईल, असं विचारणाऱ्याकडे नाना नुसते चष्म्यावरून बघतात. 2020 मध्ये कोलंबसकडून हरल्यावर त्यांनी जॉन टव्हारेसला काढला. 2021 मध्ये माँट्रियलविरुद्ध 3-1 अशी आघाडी घेऊन लीफ्सनी उरलेले तिन्ही सामने घालवले, त्या रात्री तिघांना एकदम गाडीत बसवलं. नायलँडर तर इतक्यांदा विकला गेलाय की तो अजून निळा शर्ट घालून खेळताना दिसला की आम्हालाच चुकल्यासारखं वाटतं. ऑस्टन मॅथ्यूजला मात्र नाना विकत नाहीत. त्याच्याबद्दल ते म्हणतात, "विकायचा नाही रे. फक्त फोन करून भाव विचारून ठेवायचा."

इथं हॉकी म्हणजे ध्यानचंदांची नव्हे, बर्फावरची. आणि लीफ्स म्हणजे जगातल्या श्रीमंत हॉकी संघांपैकी एक, ज्यानं शेवटचा स्टॅन्ली कप 1967 मध्ये जिंकला. तेव्हा नाना सांगलीत शाळेत होते.

पुढे ते पाटबंधारे खात्यात लागले. प्रामाणिक होते, आणि त्याचं फळ त्यांना वेळेवर मिळत गेलं: तीन बदल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा लांब. शेवटचा हुकूम सिरोंच्याचा निघाला. नेमके त्याच सुमाराला कॅनडाचे कागद आले. "सिरोंच्यापेक्षा टोरोंटो जवळ वाटलं," असं नाना आजही गंभीर चेहऱ्यानं सांगतात. ते आले 1979 च्या डिसेंबरात. महिनाअखेरीस कार्लटन रस्त्यावरून चालले असताना मेपल लीफ गार्डन्ससमोर माणसं फलक घेऊन उभी दिसली. मोर्चा दिसल्यावर नाना थांबले. चौकशी केली तर कळलं की लॅनी मॅक्डोनल्ड नावाच्या लाडक्या खेळाडूला व्यवस्थापक पंच इम्लाकनं कोलोरॅडोला धाडलंय. कुणाच्या तरी हातात त्याचा फोटो होता. भरघोस झुबकेदार मिशी. नानांना तो माणूस आपल्या कोल्हापूर भागातला वाटला. त्याची बदली आकसापोटी झालीय, आणि कॅप्टन सिटलरनं निषेध म्हणून शर्टावरचं कप्तानपदाचं अक्षरच काढून टाकलंय, हे ऐकल्यावर तर नाना त्या मोर्चात आपल्या खात्याच्या वतीनं उभे राहिले. कडाक्याच्या थंडीत, सांगलीहून आणलेल्या स्वेटरमध्ये. तिथपासून ते लीफ्सचे झाले.

अन्यायाच्या बदलीनं पोळलेला हा माणूस मग स्वतःच एवढ्या बदल्या का काढायला लागला, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडत असे. उत्तर सोपं आहे. ज्या टेबलावरून हुकूम निघतात, त्या टेबलामागे बसायला नानांना आयुष्यात मिळालं नव्हतं. सांगलीत नाही, आणि इथल्या कारखान्यातही नाही. ते टेबल त्यांना लीफ्सनी दिलं.

टेबल म्हणजे खरोखरचं टेबल. तळघरात, बॉयलरशेजारी. त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी, चार रंगांचं पेन आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. चोपडीत तीन रकाने: जाणारा, येणारा, शिल्लक. मी एकदा उघडून पाहिलं. 'जाणारा: नायलँडर, 6.96. येणारा: डिफेन्समन, उजव्या हाताचा, वय 27 च्या आत.' लगेच खाली काकूंच्या अक्षरात: 'तूरडाळ, जिरं, ह्यांचं गुडघ्याचं तेल.' पान एकच असल्यामुळे शिल्लक रकान्यातला आकडा नायलँडरचा की वाणसामानाचा, ते सांगता येईना.

शिल्लक महत्त्वाची, कारण या खेळात प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. मालक कितीही गब्बर असला तरी ती ओलांडता येत नाही. 2019-20 च्या हंगामात ती 8 कोटी 15 लाख डॉलर होती, आणि मॅथ्यूज, टव्हारेस, मार्नर, नायलँडर या चौघांवरच लीफ्सचे 4 कोटींहून जास्त जात होते. वीस-बावीस जणांच्या संघात निम्मा पगार चार जणांना. त्यात साथ आली, उत्पन्न आटलं आणि मर्यादा वाढायची ती तिथल्या तिथं गोठली. नाना हे सांगायला लागले की त्यांचा आवाज कोषागारातल्या हेडक्लार्कसारखा होतो. आणि खरं सांगायचं तर इथवर नानांचं काहीही चुकत नाही. उरलेल्या निम्म्यात गोलकीपर, बचाव आणि बाकीचे सगळे बसवायचे म्हणजे स्वस्तातली माणसं गोळा करणं आलं, आणि मे महिन्यात ती माणसं दमतात.

नानांचं चुकतं ते पुढच्या पायरीवर. मोठ्या खेळाडूंच्या करारात एक कलम असतं: माझ्या संमतीशिवाय मला कुठंही हलवायचं नाही. मार्नरच्या करारातलं हे कलम 1 जुलै 2023 पासून लागू झालं. भाच्यानं जेव्हा हे नानांना समजावलं तेव्हा ते कितीतरी वेळ गप्प बसले.

"म्हणजे बदलीचा हुकूम निघाला, तर तो 'नाही' म्हणू शकतो?"

"हो नाना."

"लेखी?"

"कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे."

"आणि त्याला वरून काही त्रास देत नाहीत?"

मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवूनही जे उभ्या महाराष्ट्रात कुणाला मिळालं नाही, ते एका सव्वीस वर्षांच्या पोराला वर्षाला एक कोटी नऊ लाख डॉलर पगारासकट मिळालंय, हे पचायला त्यांना आठवडा लागला. त्या आठवड्यात चोपडीत एकही नोंद नाही. मग त्यांनी चौथा रकाना आखला: 'संमती'. त्यात सगळीकडे 'मिळेल' असं लिहिलंय.

भाचा इथंच जन्मला. मराठी बोलतो, पण आकडे इंग्रजीत. तो 'ठेवा' पक्षाचा, नाना 'विका' पक्षाचे. त्यांचा वाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोघांपैकी एक आजारी पडला तर त्याची बाजू मी चालवू शकेन. नानांचा हुकमी पत्ता म्हणजे वेन ग्रेट्झ्की. 9 ऑगस्ट 1988 ला एडमंटननं त्याला लॉस एंजेलिसला विकला. सरकारनं हा सौदा थांबवावा अशी मागणी एका खासदारानं केली, इतका गहजब झाला. आणि 1990 मध्ये त्याच्याशिवाय एडमंटननं कप जिंकला. "देवाला विकूनसुद्धा कप येतो," नाना म्हणतात, "हा तर मार्नर." यावर भाचा 1995 चा डिसेंबर काढतो. माँट्रियलनं पॅट्रिक रुआ नावाचा गोलकीपर रागाच्या भरात कोलोरॅडोला दिला आणि पुढच्या जूनमध्ये कप कोलोरॅडोला गेला. नाना 2005 चा थॉर्न्टन काढतात: बॉस्टननं त्याला सॅन होजेला दिला आणि पुढे कप घेतला. भाचा म्हणतो, "सहा वर्षांनी! आणि थॉर्न्टन त्याच सीझनला लीगचा बेस्ट प्लेअर झाला." मग नाना आवाज चढवून फ्लॉरिडा काढतात.

फ्लॉरिडाशी वाद घालणं अवघड आहे. 2022 च्या जुलैत त्यांनी 115 गुण मिळवलेला ह्यूबर्डो आणि जोडीला एक चांगला बचावपटू कॅलगरीला देऊन मॅथ्यू टकाचक घेतला. (यातला 'ट' उच्चारायचा नसतो. नाना तो ठासून उच्चारतात.) ह्यूबर्डोचे पुढच्या हंगामात 115 चे 55 झाले. फ्लॉरिडा 2023 मध्ये अंतिम फेरीत, 2024 आणि 2025 मध्ये कप. वर त्यांनी 2023 आणि 2025 या दोन्ही साली वाटेत लीफ्सना घरी पाठवलं. नाना हे सांगतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि विजय एकत्र असतात.

मला विचाराल तर फ्लॉरिडाचं उदाहरण नानांच्याच अंगावर येतं. त्यांनी हरल्याच्या रागात विकला नाही. त्या हंगामात साखळीत तेच अव्वल होते. शिवाय त्यांनी ताऱ्याच्या बदल्यात तारा घेतला, तोही चार वर्षांनी लहान. चोपडीतल्या सौद्यांमध्ये नेहमी एक जातो आणि तीन-चार येतात. हॉकीत एका वेळी गोलकीपर सोडून पाचच जण बर्फावर असतात. चार बऱ्यांची बेरीज करून एक थोर होत नाही, कारण चौघांना उभं करायला तेवढी जागाच नसते. हे मी एकदा नानांना बोललो. त्यांनी मला लाडू दिला. त्यांच्याकडे लाडू म्हणजे विषय संपला.

एक नाव मात्र त्या तळघरात काढायचं नाही: टुक्का रास्क. 2006 मध्ये लीफ्सनी हा कोवळा गोलकीपर बॉस्टनला देऊन अँड्र्यू रेक्रॉफ्ट आणला. रेक्रॉफ्ट दोन हंगामांत आटोपला. 13 मे 2013 ला सातव्या सामन्यात, बॉस्टनमध्ये, तिसऱ्या सत्रात लीफ्स 4-1 नं पुढं होते. नानांनी पेढ्यांचा डबा उघडला होता. बॉस्टननं बरोबरी केली आणि जादा वेळेत 5-4 नं सामना घेतला. बॉस्टनच्या गोलात रास्क उभा होता. त्या डब्याचं झाकण काकूंनी लावलं. त्या म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का हो?" चोपडीत त्या तारखेला फक्त एक आडवी रेघ आहे.

हा छंद तळघरात राहिला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण एका वर्षी मराठी मंडळाच्या एकांकिकेला पुन्हा दुसरा क्रमांक मिळाला आणि कार्यकारिणीच्या सभेत नाना उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं, आपण एकाच नटीवर विसंबून आहोत, सगळी चांगली वाक्यं तिलाच जातात. तिला ओटावाच्या मंडळींना द्यावं. त्यांच्याकडून एक तबलजी, एक नेपथ्यवाला आणि भविष्यातला एक होतकरू नट घ्यावा. सभेत शांतता पसरली. ती नटी म्हणजे काकू होत्या, आणि चहाचा ट्रे घेऊन त्या दारातच उभ्या होत्या. काकूंच्या करारात ते कलम आहे, लेखी नसलं तरी. त्यानंतर दोन आठवडे नानांनी स्वतःचं जेवण स्वतः केलं.

मेपल लीफ गार्डन्समध्ये आता किराण्याचं मोठं दुकान आहे. मैदानाचा मध्यबिंदू जिथं होता तिथं फरशीवर लाल खूण ठेवलीय. मिसिसॉगात गल्लोगल्ली कोथिंबीर मिळत असताना नाना दोन गाड्या बदलून तिथं जुडी घ्यायला जातात. मी एकदा बरोबर होतो. ते त्या खुणेवर उभे राहिले, पिशवी हातात, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "टव्हारेस द्यावा काय रे?" ढकलगाडी घेऊन आलेल्या एका बाईंनी 'एक्स्क्यूज मी' म्हटलं तेव्हा ते बाजूला झाले.

मग 2025 उजाडलं. 18 मे, पुन्हा सातवा सामना, घरच्या बर्फावर, फ्लॉरिडाकडून 6-1. प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवली. मार्नरचा करार संपत आला होता. कलमामुळे त्याला आधी हलवता आलं नव्हतं. जूनच्या अखेरीस बातमी आली: लास वेगास. आठ वर्षं, 9 कोटी 60 लाख डॉलर. लीफ्सना बदल्यात काय? निकोलस रुआ नावाचा एक सेंटर. सरलेल्या हंगामात 102 गुण मिळवणाऱ्या खेळाडूच्या बदल्यात एक माणूस.

मला वाटलं नाना पेढे वाटतील. सहा वर्षांची मागणी मान्य झाली होती. गेलो तर ते टेबलाशी बसलेले, चोपडी उघडी, चष्मा कपाळावर.

"एकच दिला?" ते म्हणाले. "अरे, 2019 ला मी तीन घेत होतो!"

"नाना, पण तुम्हाला तर तो नकोच होता."

"नको होता म्हणजे काय? थॉर्नहिलचा पोरगा तो. इथं शेजारचा. लहानपणापासून आपलाच. त्याला असा कुणी देतं का?"

काकूंनी वरून विचारलं, "अहो, कोण गेलं?"

"मार्नर!" नाना ओरडले, आणि त्यांचा आवाज खरंच फुटला.

पुढचे काही दिवस त्यांनी लीफ्सच्या व्यवस्थापनाला ज्या शिव्या दिल्या त्या सांगलीच्या होत्या, आणि इम्लाकनंतर त्या कुणाच्या वाट्याला आल्या नव्हत्या. टव्हारेसनं मात्र पगार 1 कोटी 10 लाखांवरून 44 लाखांच्या आत उतरवून घेऊन लीफ्सकडेच राहायचं ठरवलं, तेव्हा नाना जरा निवळले. "हा खरा सरकारी नोकर," असा शेरा त्यांनी हिरव्या पेनानं त्याच्या नावापुढे लिहिला.

विल्यम नायलँडरचा करार 2032 पर्यंत आहे आणि त्यालाही संमतीशिवाय हलवता येत नाही. नानांनी त्याला गणपतीपासून दिवाळीपर्यंत तीनदा विकलाय.