हरीणकाका

ऑक्टोबर लागला की आमच्या घरच्या फोडणीवर शेजारच्या काकांचं राज्य सुरू होतं. वारा पश्चिमेचा असला की कुंपणापलीकडून विचारणा होते, "आज मोहरी तडतडणार का?" आमचं घर त्यांच्या पश्चिमेला. त्यांच्या अंगणातल्या दोरीवर शिकारीचे कपडे वाळत असतात. हिंगाचा एक झोत जरी त्यांत शिरला तरी उत्तरेच्या जंगलातली हरणं महिन्याभराने तो ओळखून दाखवतील, अशी काकांची पक्की श्रद्धा आहे. मग त्या दिवशी आमच्याकडे दूधपोहे होतात.

हरीणकाका हे नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं. विस्कॉन्सिन नदीच्या काठाने कागद गिरण्यांची गावं आहेत, त्यांतल्या एका गावात आम्ही राहतो. काकांची सगळी नोकरी अशाच एका गिरणीत झाली. आता निवृत्त आहेत. पण "वेळ कसा जातो?" असं त्यांना कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या हातात लगेच दोरीचं एक टोक येतं आणि "घट्ट धरा" असा हुकूम सुटतो.

इथे बंदुकीने हरीण मारायचा हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, सूर्योदयाला अर्धा तास असताना, तो सुरू होतो आणि सणानंतरच्या रविवारी संपतो. त्या पहाटे राज्यातली पाच लाखांहून जास्त माणसं नारिंगी कपडे घालून रानात गोठत बसलेली असतात. आमच्याकडे भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे माझा शिकारीशी संबंध दिवाळी अंकांपुरता. शिकारी म्हटला की मिशा, खाकी विजार आणि पायाखाली वाघ, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. काकांना मिशा नाहीत. त्यांच्या हातात बंदूक मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. यादी मात्र कायम असते.

गणपती दहा दिवसांचा असला तरी मंडळाचा सजावटप्रमुख बाराही महिने मखराच्याच तंद्रीत असतो. काका त्या जातीचे. फेब्रुवारीत ते बर्फातून नरांची झडलेली शिंगं शोधत फिरतात. (या हरणांची शिंगं दरवर्षी झडतात आणि नवी येतात, गाई-म्हशींसारखी कायमची नसतात.) एप्रिलमध्ये नकाशा. जूनमध्ये मचाणं. ऑगस्टपासून कॅमेरे. सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यबाणाचा हंगाम उघडतो, पण त्याला काका हंगाम मानत नाहीत. त्यांच्या लेखी ती तरुणांनी करायची रंगीत तालीम.

गॅरेजमध्ये झाकणाच्या पाच प्लास्टिकच्या पेट्या आहेत. चारांवर ठळक अक्षरांत लिहिलंय : झोप, पाय, पोट, नंतर. पाचवीवर काही लिहिलेलं नाही. 'पाय'मध्ये लोकरीचे मोजे, रबरी बूट आणि हातापायांना ऊब देणाऱ्या पुड्या. 'नंतर' म्हणजे हरीण पडल्यानंतर लागणारं सामान : सुरी, कोपरापर्यंतचे हातमोजे, हाडं कापायची करवत, ओढायची दोरी. 'पोट' पेटीचं झाकण उघडून उघडून तडकलंय. 'नंतर' अजून दुकानातून आणल्यासारखी करकरीत आहे.

कपड्यांचं प्रकरण मी जवळून पाहिलंय, कारण त्यात आमची फोडणी आरोपी होती. आधी वॉशिंग मशीन रिकामं दोनदा फिरवायचं, आधीच्या साबणाचा वास जावा म्हणून. मग बिनवासाच्या, बिनचकाकीच्या खास साबणाने धुलाई. बिनचकाकीचा का? तर नेहमीच्या साबणात कपडे उजळ दिसावेत म्हणून जे घातलेलं असतं, ते हरणाच्या डोळ्यांना निळसर चमकतं. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा कळत नाही, निळा मात्र चांगला कळतो. 1980 पासून इथे नारिंगी सक्तीचा आहे, तो माणसांनी एकमेकांना हरीण समजू नये म्हणून. 2016 पासून भडक गुलाबीही चालतो. काकांच्या कपाटात त्याला प्रवेश नाही.

धुतलेले कपडे दोरीवर वाळले की एका पिशवीत पाइनच्या डहाळ्या आणि कॅम्पवरून आणलेला पाचोळा घालून त्यात मुरवत ठेवायचे. आंघोळीचा साबण वेगळा, दात घासायला खायचा सोडा. शेवटच्या आठवड्यात कॉफी बंद. हे सगळं पाळून काका पहाटे अंधारात निघतात ते मेहुण्याच्या पिकअपमधून. मेहुणे गाडीत सिगार ओढतात. यावर काकांनी कधी तोंड उघडलेलं नाही. पिकअप मेहुण्यांची आहे.

मचाण म्हणजे आमच्या मनात शेतातलं चार बांबूंचं असतं. काकांची मचाणं लोखंडी. शिडीसकट झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळायची, पंधरा-वीस फुटांवर बसायला माणसापुरती जागा. झाड वर्षभरात जाड होतं, म्हणून पट्टे सैल करून पुन्हा आवळायचे. खारी पट्टे कुरतडतात, म्हणून ते बोट फिरवून तपासायचे. बसल्यावर पायाखालची जाळी किरकिरली तर हरीण पळतं, म्हणून तिच्यावर गालिचाचा तुकडा बांधायचा. तो गालिचा काकूंच्या दिवाणखान्यातला होता. एके दिवशी काकूंनी सोफा हलवला तेव्हा त्याखाली मचाणाच्या आकाराचा चौकोन गायब असल्याचं उघडकीस आलं. काकांचं म्हणणं, तो भाग तसाही कोणाला दिसत नव्हता.

शिकारीत गोळीपेक्षा मचाणावरून पडून माणसं जास्त जायबंदी होतात, असं काका बजावून सांगतात. त्यामुळे अंगणातल्या मेपलवर हार्नेसची चाचणी होते. काका वर चढतात, पट्टा खोडाला अडकवतात, "आता मी पडतो" असं जाहीर करतात आणि खरोखरच पडतात. मग ते जमिनीपासून चार हातांवर लोंबकळत मला वाऱ्याबद्दल समजावून देतात. बंदूक खांद्याला लावून चढायचं नाही; काडतुसं काढलेली बंदूक खाली दोरीला बांधायची आणि वर बसल्यावर ओढून घ्यायची. चाचणीत बंदुकीच्या जागी केरसुणी असते. एकदा काका असे टांगलेले असतानाच त्यांना फोन आला आणि त्यांनी तो निवांतपणे पूर्ण केला.

झाडांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या फोटोंत एक मोठा नर आहे. काकांनी त्याचं नाव 'गव्हर्नर' ठेवलंय. चार वर्षांतून एकदा दर्शन देतो आणि नंतर कुठे असतो ते कळत नाही म्हणून. त्याचे सगळे फोटो रात्री दोन-अडीचचे. एका फोटोत तो कॅमेऱ्याकडे मागचा भाग करून उभा आहे आणि शेपटी वर केलेली आहे. या हरणांना धोक्याचा वास लागला की ती शेपटी ताठ उभारून खालची पांढरी बाजू फडकवत पळतात; या जातीचं नावच त्यावरून पडलंय. हरणाचा जो भाग काकांनी आयुष्यात सर्वांत जास्त पाहिला, तो हाच.

कॅम्प म्हणजे प्राइस काउंटीत चाळीस एकर जंगल आणि त्यातली दोन खोल्यांची लाकडी झोपडी. वडिलांनी बांधलेली. हंगामाच्या आधी तीन वेळा तरी काका तिथे जाऊन येतात : लाकडं फोडायला, धुराडं साफ करायला आणि उंदरांची वस्ती उठवायला. दाराच्या आतल्या फळीवर दरवर्षीची नोंद पेन्सिलीने केलेली असते. "पाऊस. बाबा शेगडीपाशी झोपले, बूट जळाला." "बर्फ नाही. मिरच्या फार." "वारा वाईट, पत्ते चांगले." हरणाचा उल्लेख अधूनमधून येतो, आणि तोही बहुधा मेहुण्यांच्या नावासमोर.

पत्ते म्हणजे शीप्सहेड. जर्मन लोकांबरोबर आलेला हा खेळ विस्कॉन्सिनात अजून तग धरून आहे. यात सगळ्यांत मोठं पान किलवरची राणी. राजाला गुलाम तर मारतोच, दश्शीसुद्धा मारते. शुक्रवारी रात्री सुरू झालेला डाव सगळ्यांना वेळेवर झोपू देत नाही. मग वर्षभर घोकलेल्या पहाटे साडेचारच्या वेळापत्रकाचं काय होतं, याची नोंद फळीवर नाही.

त्याच रात्री काका जेम्स जॉर्डनची गोष्ट सांगतात, दरवर्षी. 1914 साली डॅनबरी गावाजवळ जॉर्डनने एक प्रचंड नर मारला. डोकं पेंढा भरून देतो म्हणून एकाने नेलं आणि तो इसम गाव सोडून मिनेसोटात गेला. शिंगं गेली ती गेली. 1964 मध्ये मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत ती कोणीतरी तीन डॉलरला उचलली. उचलणारा निघाला जॉर्डनचाच लांबचा नातलग. मोजली तर 206 पूर्णांक 1/8 गुण, म्हणजे तोवरचा जागतिक विक्रम. ही शिंगं माझी, असं जॉर्डन सांगत राहिला. असे विक्रम नोंदवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबने अखेर विक्रमावर त्याचं नाव लावलं ते 1978 च्या डिसेंबरात. जॉर्डन ऑक्टोबरात वारला होता. इथे ऐकणारे हळहळतात. एखादा नियतीबद्दल काही बोलू पाहतो. काका त्याला थांबवतात आणि म्हणतात, "पावती घेतली नव्हती त्याने." (हा विक्रम 1993 मध्ये कॅनडात मोडला गेला. काकांपुढे ते बोलायचं नसतं.)

काकांनी हरीण मारलंच नाही असं नाही. दोन जोड्या शिंगं गॅरेजच्या भिंतीवर आहेत. पण त्या दिवसांबद्दल ते उत्साहाने बोलत नाहीत. हरीण पडलं की सुटी संपली, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. मग आतडी काढा, बर्फातून ओढा, गाडीत चढवा. पूर्वी निदान ते नोंदवायला गावातल्या दारूच्या गुत्त्यावर न्यावं लागायचं. चार माणसं जमायची, शिंगं मोजायची, कोणीतरी ब्रँडी पाजायचं. 2015 पासून नोंदणी फोनवर. 2002 मध्ये राज्यात हरणांचा मेंदू पोखरणारा रोग सापडल्यापासून डोकं तपासणीला देऊन निकालाची वाट बघायची, आणि तोवर मटण फ्रीजरमध्ये. "एवढं सगळं," काका म्हणाले, "आणि मचाण रिकामं." ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची हळहळ होती.

काकूंना या नऊ दिवसांचं दुःख नाही. या दिवसांत इथल्या बायकांना थट्टेने 'शिकारीच्या विधवा' म्हणतात, आणि दुकानदार त्यांच्यासाठी खास सवलती लावतात. काकू मैत्रिणींबरोबर दोन रात्री हॉटेलात राहतात, घरी आल्यावर पूर्ण पलंगावर आडव्या झोपतात आणि आमच्याकडे येऊन हिंगाच्या फोडणीची आमटी मागून खातात.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पिकअप आली. मागे एक हरीण होतं, मेहुण्यांचं. सकाळी सिगार ओढत ते झोपडीच्या पायरीवर बसले असताना ते समोरून चालत आलं. काका उतरले, पेट्या उतरवल्या. 'नंतर'चं सील शाबूत होतं.

"तुम्हाला काही दिसलं का?" मी विचारलं.

"वारा अगदी बरोबर होता," काका म्हणाले. "नऊच्या नऊ दिवस. असा वारा मी कधी पाहिला नाही."

"चला, म्हणजे संपला एकदाचा हंगाम."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "संपला? उद्यापासून ठासणीच्या बंदुकीचे दहा दिवस. मग चार दिवस माद्यांचे. आणि धनुष्यबाण तर जानेवारीपर्यंत आहेच."

ते आणखी काही सांगणार होते, पण दार उघडलं. काकूंनी ती बिननावाची पाचवी पेटी पायरीवर आणून ठेवली होती, वर धुतलेले मोजे आणि डबा.