दोन रविवारांत संमोहनतज्ज्ञ

अमेरिकेत एका मांजरीला संमोहनतज्ज्ञाचं सर्टिफिकेट मिळालेलं आहे. स्टीव्ह आयकेल या मानसशास्त्रज्ञाने आपल्या घरच्या मांजरीच्या नावाने अर्ज केले, फी भरली आणि संमोहन उपचारकांच्या एकापेक्षा जास्त संघटनांनी तिला प्रमाणित तज्ज्ञ म्हणून दाखल करून घेतलं. पुढे २००९ साली ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका वार्ताहराने आपल्या जॉर्ज नावाच्या बोक्याची अशीच नोंदणी करून दाखवली. दोन्ही देशांत कुणी पदवी तपासली नाही, की फोन करून चार प्रश्न विचारले नाहीत. पैसे पोचले, कागद आला.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. तोच धंदा आता आपल्या मोबाइलवर, आपल्या भाषेत सुरू आहे. क्लिनिकल हिप्नोथेरपिस्ट व्हा, दोन वीकेंड, पात्रतेची अट नाही, घरबसल्या कमवा. पहिली लेव्हल झाली की दुसरी, दुसरी झाली की मास्टर, आणि मास्टरच्या पुढे ‘ट्रेन द ट्रेनर’. या शेवटच्या पायरीकडे नीट बघा. रुग्ण बरे करून पोट भरेल याची खात्री तिथे कुणी देत नाही. नवे विद्यार्थी आणा आणि त्यांच्या फीवर जगा, असं तिथे सरळ शिकवलं जातं. ज्या कोर्सला रुग्णापेक्षा पुढच्या बॅचची काळजी जास्त, त्याने स्वतःला क्लिनिकल म्हणवणं ही फसवणूक आहे.

संमोहन थोतांड असतं तर मी या विषयाकडे वळलोही नसतो. ते खरं आहे, उपयोगाचं आहे, म्हणून त्याची ही विक्री बघवत नाही.

आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश सर्जन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमधल्या हुगळीला होता. ४ एप्रिल १८४५ रोजी त्याने अंडवृद्धीने तळमळणाऱ्या एका कैद्यावर पहिल्यांदा संमोहनाचा प्रयोग केला. त्याआधी त्याने याविषयी फक्त वाचलेलं होतं, प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नव्हतं. बोस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला अजून दीड वर्ष होतं, क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये आलं. म्हणजे भूल नावाची गोष्टच नव्हती. माणसाला चार जणांनी दाबून धरायचं आणि कापायचं, हीच रीत. एस्डेलच्या रुग्णालयात अंधाऱ्या खोलीत रुग्णाला उताणं निजवत. सहाय्यक त्याच्या डोक्याशी बसून वाकत असे, दोन्ही हात चेहऱ्यावरून पोटापर्यंत हळूहळू फिरवत असे, मधूनमधून डोळ्यांवर, नाकावर मंद फुंकर घालत असे. तास-तास, कधी दिवसामागून दिवस. रुग्ण टोचलं तरी हलत नाही अशी खात्री झाली, की मग सर्जन चाकू हातात घेई. पुढे सरकारने समिती नेमली आणि १८४६ मध्ये कलकत्त्यात या उपचारासाठी वेगळं छोटं रुग्णालय एस्डेलच्या हवाली केलं.

यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. हात फिरवण्याचं काम एस्डेल स्वतः करत बसला नाही. त्यात तो थकून जायचा, म्हणून त्याने ते आपल्या देशी कंपाउंडर-ड्रेसरांना शिकवलं, आणि ते ती पोरं उत्तम करू लागली. संमोहनात नेणं हे मुळात इतकं शिकण्याजोगं काम आहे. पण गाठ कसली आहे, कापायची की नाही, रक्त थांबलं नाही तर काय, हे सगळं सर्जनकडेच राहिलं. तंत्र आठवडाभरात हातात येतं. निदान येत नाही.

संमोहनाचा बाकीचा इतिहासही हेच सांगतो. १८४१ मध्ये मँचेस्टरला लाफोंतेन नावाच्या फिरत्या प्रयोगकाराचा खेळ बघायला जेम्स ब्रेड गेला. तो बघणारा सर्जन होता, म्हणून तमाशातून विद्या बाहेर निघाली. पुढे संमोहनाने उपचार करणारे मिल्टन एरिक्सन मनोविकारतज्ज्ञ. बेल्जियममधल्या लिएज शहरात १९९२ पासून संमोहन आणि हलकं गुंगीचं औषध यांच्या जोडीने शस्त्रक्रिया करून दाखवणाऱ्या मारी-एलिझाबेथ फेमॉनव्हिल भूलतज्ज्ञ. आणि पीटर व्होरवेल पोटविकारतज्ज्ञ.

व्होरवेल यांचं काम थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या घराघरात त्याची गिऱ्हाइकं आहेत. सकाळी तीनदा संडासला धावणारे, एसटीत बसायच्या आधी पोटात गोळा येणारे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि तरी हैराण. ‘आयबीएस’ म्हणतात त्याला. १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये व्होरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० जुनाट रुग्णांवरचा अभ्यास छापला. निम्म्यांना संमोहन, निम्म्यांना बोलण्याचा उपचार आणि सोबत औषध नसलेली गोळी. संमोहनवाले कितीतरी जास्त सुधारले. खोलीत घडतं ते अगदी साधं: रुग्ण शांत होतो, स्वतःचा तळहात पोटावर ठेवतो, तिथे ऊब पसरते आहे असं अनुभवतो, आतड्याची हालचाल संथ वाहत्या नदीसारखी चालली आहे असं डोळ्यांसमोर आणतो. आठवड्याला एक बैठक, घरी रोजचा सराव. २००८ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने औषधांनी वर्षभरात फरक न पडलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करावा, असं आपल्या मार्गदर्शिकेत लिहिलं.

आता हेच दोन रविवारवाल्याच्या हातात द्या. त्याच्याकडे छापील स्क्रिप्ट आहे, आवाज गोड आहे, मागे बासरीचं रेकॉर्डिंग आहे. पोट दुखतं म्हणून पन्नाशीचे काका आले. संडासातून रक्त जातं का, वजन घटलंय का, हिमोग्लोबिन किती, हे विचारायचं त्याला कुणी शिकवलेलंच नाही. काकांना आराम वाटेलही. आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर तोवर वाढत राहील. वेदना कमी करता येणं ही संमोहनाची ताकद आहे, आणि कारण न शोधता वेदना कमी करणं हाच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे.

दुसरा प्रसंग मनाचा. झोप लागत नाही म्हणून आलेली मुलगी डोळे मिटून पाच मिनिटं पडते आणि अचानक थरथरायला लागते, हुंदके द्यायला लागते, लहानपणी घडलेलं काहीतरी वर आलेलं असतं. प्रशिक्षित माणूस तिला कसं स्थिर करायचं, कुठे थांबायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं हे वर्षानुवर्षं शिकलेला असतो. स्क्रिप्टवाला पुढचं पान उलटतो. ज्यांना भास होतात, ज्यांचा मूड टोकाला गेलेला आहे, ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार घोळताहेत, त्यांना ओळखणं हे तर बैठक सुरू होण्याआधीचं काम. ते पहिल्याच भेटीत झालं पाहिजे.

आणि मग पूर्वजन्म! या कोर्सांतलं सगळ्यांत जास्त खपणारं मॉड्यूल. १९५२ साली अमेरिकेत मोरी बर्नस्टीन नावाच्या एका व्यापाऱ्याने, जो संमोहन हौसेखातर करायचा, एका गृहिणीकडून आयर्लंडमधल्या ‘ब्रायडी मर्फी’चा मागचा जन्म वदवून घेतला. १९५६ मध्ये त्याचं पुस्तक आलं, धो-धो खपलं. पत्रकारांनी आयर्लंडमध्ये शोध घेतला, तर तिच्या जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही. स्मृती अशी रचली जाते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी पुढे स्पष्ट केलं. लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने सांगितली, तर सुमारे चारातल्या एकाला ती अर्धीमुर्धी तरी ‘आठवू’ लागली. तीही पूर्ण जागेपणी, संमोहनाविना. संमोहनात तर आठवणीवरचा विश्वास आणखी पक्का होतो, ती खरी असो वा नसो. म्हणून ‘गेल्या जन्मी सासूने विष घातलं होतं’ असं एखाद्या बाईला तिच्याच तोंडून म्हणायला लावणं हा उपचार नाही. तिच्या संसारात कुणीतरी बाहेरून आग लावली, एवढंच झालं. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यासाठी डॉ. दाभोलकरांनी जीव दिला. त्याच महाराष्ट्रात एसी खोलीत, लॅपटॉप उघडून, अंगारेधुपारे विकले जावेत आणि आपण त्याला थेरपी म्हणावं?

हे कायद्यात बसतं का, असं लोक विचारतात. उत्तर आहे २५ नोव्हेंबर २००३ च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आदेशात. तो आदेश म्हणतो की संमोहन उपचार ही स्वतंत्र वैद्यकपद्धती नाही, उपचाराचा एक प्रकार आहे. तो नोंदणीकृत व्यावसायिकाला किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला करू द्यावा. मान्यता नसलेल्या पद्धतींनी पूर्णवेळ पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवू नयेत आणि ‘डॉक्टर’ हे बिरूद मान्यताप्राप्त पद्धतींच्या लोकांनीच लावावं, हेही त्याच आदेशात आहे. जाहिरातदार परवानगीचं तेवढं वाक्य ठळक छापतात, ‘भारत सरकारमान्य’ म्हणून. बाकीची वाक्यं गाळतात. आणि योग्य प्रशिक्षण म्हणजे किती तास, कुणाकडून, किती रुग्ण तपासून, हे त्या आदेशाने ठरवून दिलेलं नाही. या एका फटीतून हे सगळं दुकान आत शिरलं आहे. मंत्रालयाने ती फट बुजवायला हवी होती. नाही बुजवली.

बाहेर बघा. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस ही संस्था आरोग्यक्षेत्रातली पदव्युत्तर पदवी आणि व्यवसायाचा परवाना असल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाही. त्यावर कार्यशाळा, आणि त्यावर अनुभवी माणसाच्या देखरेखीचे तास वेगळे. आधी डॉक्टर, दंतवैद्य, मानसशास्त्रज्ञ व्हा, मग संमोहन शिका. क्रम हाच आहे, आणि तो उलटा करून चालत नाही.

एम.ए. मानसशास्त्र केलेल्या मुलामुलींची अडचण मला कळते. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मान्यताप्राप्त जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कठीण, बाहेर स्टायपेंडशिवाय राबवून घेणारे सेंटरवाले. दुसरीकडे गरज केवढी! २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं. एवढं काम पडलेलं असताना शिकायला जागा नाही, ही सरकारची नामुष्की आहे. पण त्यावर दोन रविवारांचा कागद हा तोडगा नाही. जिल्हा रुग्णालयात संमोहनतज्ज्ञ म्हणून जाहिरात निघत नाही. निघते ती मनोविकारतज्ज्ञाची आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण हे लिहून ठेवलं आहे, त्यात भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची अट आहे. मास्टर हिप्नोटिस्ट त्यात कुठेही नाही.

तेव्हा करिअर करायचंच असेल, तर एक वर्ष गेलं तरी चालेल, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची तयारी करा. दंतवैद्य असाल तर खुर्चीत बसताच घाबरणाऱ्या, तोंडात आरसा घातला की उमासा येणाऱ्या रुग्णांसाठी संमोहन शिका. तुमच्या हातात ते सोनं आहे. भूलतज्ज्ञ असाल, कॅन्सरच्या वॉर्डात काम करत असाल, प्रसूतिगृहात असाल, तरी शिका. आणि आरोग्य विद्यापीठाला माझी मागणी आहे, की मनोविकारशास्त्र, भूलशास्त्र आणि दंतवैद्यक शिकणाऱ्यांना हा विषय वर्गात आणि वॉर्डात शिकवा. वॉर्डात शिकवला, तर हॉटेलच्या हॉलमधली गर्दी आपोआप ओसरेल.

रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगायचं आहे. संमोहन उपचार घ्यायला जाल तेव्हा समोरच्या माणसाला दोन प्रश्न विचारा: संमोहनाखेरीज तुमची पदवी कोणती, आणि वैद्यकीय किंवा दंत परिषदेचा नाहीतर पुनर्वास परिषदेचा तुमचा नोंदणी क्रमांक काय? शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्याकडे तर जाऊच नका. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. मन फारच खचलं असेल आणि कुणाकडे जावं कळत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, आणि विचारल्यावर जो चिडेल त्याच्या खोलीत डोळे मिटू नका.