हेल्मेट काढताना

माझ्या डोक्याला इजा झाली ती हेल्मेटमुळे. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे जणांना ऐकवलं असेल आणि एकालाही ते पटलेलं नाही. दोष भाषेचा आहे. मी म्हणतो, "हेल्मेट काढताना पडलो." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाडीवरून उतरून डोक्यावरचं हेल्मेट काढणारा माणूस येतो आणि यात पडण्यासारखं काय आहे, ते त्याला कळत नाही. मग मला खुलासा करावा लागतो की डोक्यावरून नव्हे, माळ्यावरून काढत होतो. इतकी वर्षं पोरांना मराठी शिकवली आणि साध्या 'काढणे'नं मला असं भर रस्त्यात गाठलं.

गोष्ट फेब्रुवारी २०२५ ची. परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाचे दिवस होते. या दिवसांत गावात माणूस मावत नाही आणि चौकाचौकांत पोलीस असतात. मधल्या सुट्टीत कुणीतरी बातमी आणली, "सर, वसमत रस्त्यावर हेल्मेट बघायलेत." माझ्याकडे हेल्मेट होतं. चांगलं, आयएसआय मार्कचं. गणपतीचं मखर आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या यांच्यामध्ये, माळ्यावर, दुकानातल्या पिशवीसकट. मी ते इतकं जपलं होतं की त्याची अन् डोक्याची ओळखही झाली नव्हती.

घरी येऊन मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवलं. यापुढचं सविस्तर सांगण्यासारखं नाही. डोकं स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेवर आपटलं. माझ्यामागून हेल्मेट खाली आलं, दोनदा उसळलं आणि दारापर्यंत घरंगळत गेलं. त्याला ओरखडाही नाही. आयएसआय मार्क खोटा नव्हता.

"लागलं का हो?" बायकोनं विचारलं. मी "छे" म्हणालो, चहा घेतला आणि बाजारात गेलो. हेल्मेट न घालता.

पुढचे तीन आठवडे डोकं दुखत होतं, ते मी वार्षिक परीक्षेच्या खात्यावर टाकलं. खरा रोग पकडला तो ठेच्यानं. आमच्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं आणि उजवीकडे भाजी, वरण. मी उजवी बाजू पुसून खात होतो आणि डावीकडचा ठेचा जसाच्या तसा राहत होता. पहिल्या दिवशी बायकोनं तो अपमान मानला. दुसऱ्या दिवशी तिनं मिरच्या बदलल्या. तिसऱ्या दिवशी तिनं रिक्षा बोलावली. तोवर अर्धी दाढी करून शाळेत जाणं झालं होतं, शर्टाची डावी बाही लोंबत ठेवून फिरणं झालं होतं. 'डावलणे' हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या महिन्यात मी जगाची अख्खी डावी बाजूच डावलली होती. स्कूटर फाटकाच्या डाव्या खांबाला तीनदा घासली होती, पण ते दुखण्याचं लक्षण असावं असं घरात कुणाच्याही मनात आलं नाही.

नांदेडला स्कॅन झालं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावलं. वय वाढतं तसा मेंदू किंचित आकसतो, कवटीत जागा होते, मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशा वेळी साधा मार लागला तरी एखादी शीर फुटते आणि मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबानं साचत राहतं. माझ्या उजव्या बाजूला साचलं होतं, म्हणून शरीराची आणि जगाची डावी बाजू हरवली होती.

"जागा पहिल्यापासूनच होती, डॉक्टर," बायको म्हणाली. ती घाबरली की विनोद करते. मी घाबरलो की करत नाही.

कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढून टाकलं. दोनच दिवसांत डावा हात परत आला, आठवड्यानं ठेचाही. मग डॉक्टरांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. मी ब्याण्णववर गेलो आणि तिथून परत शंभराकडे निघालो. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हणाले. "गाय, बैल, वासरू, गोऱ्हा, कालवड, म्हैस, रेडा, वगार..." डॉक्टर म्हणाले, "आता जरा गोठ्याच्या बाहेर या."

"जन्म कुठला?"

"वसमत, जिल्हा परभणी."

त्यांनी पेन उचललं. वसमत हिंगोली जिल्ह्यात आहे, हे नांदेडच्या माणसाला कुणी सांगायला नको. मी उठून बसलो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, मी १९७४ चा, म्हणजे मी जन्मलो त्या दिवशी वसमत परभणीतच होतं, नंतर जिल्हा हलला, मी हललेलो नाही, असं सगळं मी त्यांना समजावून दिलं. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग बायकोकडे वळले. "यांच्या वागण्यात काही फरक वाटतो? विसरणं, चिडणं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं?"

तिनं विचार केला. "पडल्यानंतरचं सांगू का आधीचं?"

घरी सोडताना बजावलं ते असं : सहा महिने गाडीला हात लावायचा नाही. नंतर तपासू, मग बघू. फिट आली नाही हे नशीब, कारण लायसनच्या अर्जातल्या शारीरिक पात्रतेच्या घोषणापत्रात पहिलाच प्रश्न अपस्माराचा, अचानक शुद्ध हरपण्याचा आणि चक्कर येण्याचा असतो. तिथं 'होय' लिहावं लागलं की विषय संपतो.

ते सहा महिने मी बायकोच्या स्कूटीवर मागे बसून काढले. परभणीत मागे बसलेला नवरा सगळ्यांना दिसतो. "काय सर, वहिनी फिरवायल्यात का?" हे स्टेशन रोडपासून नानलपेठेपर्यंत ऐकत जायचं. मागे बसून मी तिला ब्रेक, हॉर्न, खड्डा या बाबतींत मार्गदर्शन करत असे. एकदा तिनं शिवाजी चौकात गाडी थांबवली, म्हणाली, "उतरा," आणि भाजी घेऊन परत येईपर्यंत मला तिथंच उभं केलं.

शेजाऱ्यांचा मुलगा जर्मनीत असतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय, त्यामुळे त्या देशाशी आमचं बोलणं बरोबरीच्या नात्यानं होतं. त्यानं सांगितलं की तिकडे दारू पिऊन वगैरे लायसन घालवलं तर ते परत मिळवायला डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यापुढे बसावं लागतं. त्या तपासणीचं सरकारी नाव लांबलचक आहे, पण लोक तिला 'इडियटेनटेस्ट' म्हणतात. मूर्खांची परीक्षा. ब्रिटनमध्ये तर डोक्याचं असं काही झालं की चालकानं स्वतः होऊन लायसनच्या खात्याला कळवायचं असतं. आमच्याकडे ही परीक्षा घरातच होते आणि तिचा निकाल गल्लीला आधी कळतो.

सप्टेंबरात नांदेडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, गाडी चालवायला हरकत नाही. मी बसस्थानकावरच पाकिटातून लायसन काढून त्याला नमस्कार केला. तेव्हा, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

१९९६ मध्ये काढलेलं ते लायसन २०१६ मध्ये नवं करून घेतलं होतं, पन्नाशीपर्यंत. पन्नाशी जून २०२४ मध्ये झाली होती. थाटात झाली होती, केक कापला होता. केकबरोबर लायसनही कापलं गेलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गल्लीनं समजूत काढली. "ऑपरेशननंतर असं व्हायचंच, सर. विसरायला होतं." मला ते फार पटलं. चारआठ दिवस मी मान हलवत सहानुभूती गोळा केली. मग बायकोनं बोटांवर हिशेब मांडला. लायसन संपलं जूनमध्ये, डोकं आपटलं पुढच्या फेब्रुवारीत. मधले आठ महिने शाबूत मेंदूचा हा माणूस विनालायसन हिंडत होता. एकदा तर वऱ्हाड घेऊन जिंतूरला जाऊन आला होता. आणि जिच्यासाठी हेल्मेट शोधायला तो स्टुलावर चढला, त्या तपासणीत त्याला सगळ्यात आधी लायसनच मागितलं असतं.

संपल्यापासून वर्षाच्या आत गेलं तर नूतनीकरण सरळ होतं. वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ती एकावर आणली. मला पाचच ठाऊक होतं. मला तीन महिने उशीर झाला होता. जूनपर्यंत मी गाडी चालवू शकत नव्हतो हे खरं, पण पलंगावर पडून कार्ड वाचू शकत होतो.

अर्ज भरणाऱ्या टपरीवर माझा जुना विद्यार्थी निघाला. "सर, लर्निंगपासून करावं लागतंय," तो इतक्या हळुवारपणे म्हणाला की मी त्याला कधीकाळी नापास केलं असावं. चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला लागतो. त्या फॉर्मवर ओळखीच्या दोन खुणा विचारतात. आजवरच्या प्रत्येक कागदावर माझी एकच खूण, उजव्या गालावरचा तीळ. दुसरीसाठी दर वेळी अंग चाचपावं लागे. आता डॉक्टरांनी न विचारता दोन्ही रकाने भरले. टाळूच्या उजवीकडे पुढे एक, मागे एक. तीळ आता राखीव.

लर्निंगच्या परीक्षेत पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास. पहिल्यांदा मला आठ आले. चढाच्या अरुंद रस्त्यावर कुणाला आधी जाऊ द्यायचं असा प्रश्न होता. वर चढणाऱ्याला, हे उत्तर. पण परभणीच्या काळ्या सपाट रानात आयुष्य गेलेल्या माणसाला चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल, आणि तिथं ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो. मी अनुभवाला धरून उत्तर दिलं.

लर्निंग मिळालं आणि आमच्या जुन्या अल्टोवर पांढऱ्या कागदावरचा लाल 'एल' चढला. शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसनवालं कुणीतरी बसावं लागतं. आमच्या घरात ते मुलीकडे होतं. चार वर्षांपूर्वी तिला कृषी विद्यापीठाच्या बाजूला मीच गाडी शिकवली होती. त्याच रस्त्यांवर, पहाटे सहाला, तिनं मला शिकवायला घेतलं.

"पप्पा, क्लच म्हणजे पायपुसणं नव्हे."

"आरसा भांग पाडायला दिलेला नाही."

"स्टिअरिंग धरलंय का म्हशीची शिंगं?"

पोरगी इतकं टोचून बोलायला कुठं शिकली, या विचारात मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी आठवलं, सगळी वाक्यं माझीच होती. तिनं चार वर्षं जपून ठेवली होती, चक्रवाढ व्याजासकट.

चाचणीच्या दिवशी दुचाकीवर पाय न टेकवता आठ काढायचा होता. माझ्या पुढच्या अठरा वर्षांच्या पोरीनं तो रांगोळी काढावी तसा काढला. मी निघालो. पहिलं वळण छान घेतलं आणि मग जमिनीवर आखलेली रेघ आतल्या बाजूला वळली तरी मी खाली, उजवीकडे, मैदानाबाहेर निघून गेलो. लोक म्हणाले ब्रेक लागला नाही. तसं नव्हतं. मी मराठीचा मास्तर, मी मराठी आठ काढला होता. इंग्रजी आठाला दोन गाठी मारून परत जागेवर यावं लागतं. आपला एकदा वळतो आणि मोकळा होतो. साहेबांना मी ते सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "सात दिवसांनी इंग्रजीत काढून दाखवा."

सात दिवस मी अंगणात चुन्याचा आठ आखून फिरलो. गल्लीतली पोरं बाजूला बसून बघत. आठव्या दिवशी जमला. चारचाकीही रिव्हर्ससकट जमली. साहेबांनी हेल्मेट काढायला सांगितलं, टाळूकडे बघितलं. केस अजून दोन ठिकाणी धड उगवले नव्हते.

"हे काय झालं?"

"हेल्मेट काढताना पडलो, साहेब."

त्यांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फॉर्मवर सही करून टाकली. खुलासा ऐकून घेतला असता तर कदाचित सही झाली नसती.

लायसन स्पीड पोस्टानं आलं, २०३४ पर्यंतचं. बायकोनं ती तारीख स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. भिंत दरम्यान रंगवायची नाही असं ठरलं.

पहिल्या रविवारी पोखर्णीच्या नृसिंहाला निघालो. तिनं काही बोललेलं होतं, माझ्यासाठी का ठेच्यासाठी, ते विचारलं नाही. गंगाखेड रस्ता, थंडी, दोन्हीकडे तुरी. डॉक्टरांनी सवय लावून घ्यायला सांगितली होती, दर थोड्या वेळानं मान वळवून डावीकडे बघायचं. पुरोहित बायकोला वामांगी का म्हणतात आणि गाडीत तिची जागा कुठं असते, याचा मेळ मला तेव्हा लागला. गेले आठ-नऊ महिने काय काय डावीकडे राहून गेलं, याची मी मनात उजळणी करत होतो.

"अहो, डावीकडे बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. चांगलं सावकाश, मनापासून बघितलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

"माझ्याकडं काय बघायलात, ट्रॅक्टर बघा!"