सोयरीक आणि सातबारा

रिसोडकडे सोयरीक जमवताना पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वावर किती?" उत्तर द्यायला मध्यस्थ असे, आणि मध्यस्थाच्या तोंडी जमीन नेहमी पिकलेलीच असे. अडीच एकराचे पाच व्हायचे, कोरडवाहू वावरात बोलता बोलता विहीर लागायची. मुलीचा बाप खरंखोटं करायला निघेपर्यंत साखरपुडा उरकलेला असायचा.

आता बाप ओट्यावर बसून मोबाइलवर महाभूलेख उघडतो. जिल्हा वाशिम, तालुका रिसोड, मग गाव. गट नंबर माहीत नसला तरी नावावरून शोधता येतं. चहा येईपर्यंत मुलाच्या आज्यापासून चुलत्यांपर्यंत सगळे वाटेकरी हजर! "पोरगं चांगलं हाय, पन इतर हक्कात बँकेचा बोजा दिसते," एवढं म्हणून बाप पोहे पुढे सारतो. बिचाऱ्या मध्यस्थाला आता फक्त मुलाच्या स्वभावाबद्दल खोटं बोलता येतं. त्याचा उतारा अजून निघत नाही.

मला यात सोयच जास्त दिसते. 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो आणि तो कचेरीत चालतो. 2021 पासून ई-पीक पाहणी आली, शेतकरी स्वतः वावरात उभा राहून पिकाचा फोटो टाकतो. त्याआधी वावरात सोयाबीन असलं तरी उताऱ्यावर मागच्या सालची ज्वारी डोलताना लोकांनी पाहिली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं, ते योग्यच. पण जमिनीची नोंद चारचौघांत असलेली बरी. झाकलेली जमीन दोघांना विकली जाते.

माणसाचं तसं नाही. आधार कार्डाचं वाटप 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीपासून सुरू झालं. तेव्हापासून आपण झेरॉक्स वाटत सुटलो आहोत. सिमला द्या, लॉजला द्या, मागितली नसली तरी जोडून द्या, 'असू द्या फाइलला'. झेरॉक्स कुणालाही देऊ नका, असं आधारवाल्यांच्याच एका कार्यालयाने मे 2022 मध्ये सांगितलं होतं. लोक घाबरले, आणि दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. झेरॉक्स मात्र कुणीच मागे घेतल्या नाहीत. खरं तर शेवटचे 4 आकडेच दिसणारं मास्क्ड आधार फुकट डाउनलोड करता येतं. पण पूर्ण नंबर दिल्याशिवाय आपण खरे वाटत नाही, असा आपला समज.

मध्यस्थ थापाडा असला तरी त्याचं गाव, घर, सासुरवाडी ठाऊक असे. लग्नात गाठून जाब विचारता येई. फोनवर गोड बोलून ओटीपी मागणाऱ्याला कुठल्या मांडवात गाठणार?

लग्नाचंच निघालं म्हणून सांगतो. तुळशीचं लग्न लागलं की व्हॉट्सॲपवर पत्रिका येऊ लागतात. त्यातल्या एखादीच्या नावाशेवटी 'एपीके' असतं. ती पत्रिका नसून ॲप असतं, आणि एकदा मोबाइलमध्ये शिरलं की बँकेचे मेसेज आपल्याआधी तेच वाचतं. पत्रिका फोटोत येते नाहीतर पीडीएफमध्ये. ती इन्स्टॉल करावी लागत नाही. केलीच असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी 1930 ला फोन लावा. आहेराचं मग पाहू.